ब्लाउजच्या मापांचा प्रोग्राम

बदलापूर
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

कशी आहेस? दिवाळीची शिलाई अंगावर आली असेल. कॅम्प दोनमधल्या तुझ्या दुकानात गिऱ्हाइकांना या दिवसांत सगळं ‘आजच’ लागतं, त्या गडबडीत जेवायची विसरू नकोस. माईचं गुडघ्याचं औषध बदललंय. आता जिना उतरते, देवळापर्यंत जाऊन येते.

तुझे फोन येतात ते दिसतात. उचलत नाही, कारण तू रडशील आणि मग मीच तुझी समजूत घालत बसेन. तेवढी ताकद सध्या नाही. म्हणून कागद घेतला. झोपूनच लिहितेय, अक्षर लावून घे.

दुकानातला प्रोग्राम नीट चालतोय ना? एकाच बाईचं माप दुसऱ्यांदा घातलं की जुनं माप वर यायचं, ते मी दुरुस्त केलं होतं. एवढासा प्रोग्राम, पण त्याला अख्खा उन्हाळा गेला. लॅपटॉप उशीवर आणि मी कुशीवर. थोडं लिहायचं, डोळे मिटून पडायचं. दुसऱ्या दिवशी डोक्यात नुसतं धुकं. काल काय केलं तेच आठवायचं नाही. म्हणून मी प्रोग्राममध्येच मराठीत स्वतःसाठी लिहून ठेवायचे, ‘तारीख उलटी येतेय, आधी ती बघ.’ तरी मजा यायची गं. चूक झाली की कॉम्प्युटर कुठल्या ओळीत चुकलं ते सांगतो. नाटकं करतेस, असं म्हणत नाही.

हे दुखणं मागे लावून गेलेल्या त्या तापानंतर असं न म्हणणारी माणसं उरली होती किती? विनीतने नवरा म्हणून पहिलं वर्ष माझं खूप केलं, मी नाकारत नाही. मग सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि त्याचा आवाज बदलला. अंबरनाथहून त्याने मला चार दिवस आरामाला म्हणून माईकडे आणून सोडलं, ती मी इथेच राहिले. बिल्डिंगमधल्या बायका खोदून विचारायच्या तेव्हा तूच त्यांना ऐकवायचीस, “थकवा म्हणजे आळस नव्हे हो! आज जरा जास्त काही केलं तर पुढचे दोन दिवस ती उठू शकत नाही.” ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव माझ्याआधी तू पाठ केलंस.

म्हणूनच प्रोग्राम पहिल्यांदा चालला तेव्हा तो व्हिडिओ मी फक्त तुला पाठवला.

काल लिहिता लिहिता इथे थांबले. हात उचलेना.

त्या रविवारी विनीतच्या श्रीपादकाकांकडे आपण सगळे बसलो होतो. मी परत नांदायला कधी जायचं ते ठरवायला. मी माझ्या दुखण्याबद्दल सांगत होते, तर काकांनी शांतपणे चष्मा लावला आणि फोन टेबलावर ठेवला. त्यातून माझाच आवाज. “ताई, बघ, चाललं! माप टाकलं, तारीख टाकली, झालं!” आणि मग माझं हसणं. किती मोठ्याने हसले होते मी! सगळे ऐकत होते. त्यानंतर दोन दिवस माईने मला धरून बाथरूमपर्यंत नेलं, ते व्हिडिओत नव्हतं.

विनीत म्हणाला, “हे जमतं, मग दोन पोळ्या लाटायला काय होतं?”

मी तुझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता तू बोलशील. तू चहावरची साय बाजूला करत होतीस.

व्हिडिओ दिलास त्याचा मला एवढा राग नाही. मी सुधारतेय असं त्यांना दिसेल आणि विनीत मला घेऊन जाईल, असं तुला वाटलं. माईने मला सांगितलं ते. तेवढंच असतं तर चार दिवस रुसले असते आणि सोडून दिलं असतं. पण विनीत पुढे म्हणाला, “मी एकटाच म्हणत नाही. तुझी ताईच काकांना म्हणाली, ‘तिने मनावर घेतलं तर ती सगळं करू शकते. आम्हीच तिचे फार लाड केले.’”

मी विचारलं, “ताई, तू असं म्हणालीस?”

तू म्हणालीस, “राजू, तुझ्या भल्यासाठीच गं.”

नाही म्हणाली नाहीस.

त्या दिवशी मी विनीतबरोबर अंबरनाथला गेले. तुला वाटलं असेल, बैठक कामी आली. मी मनावर घेतलं होतं, ताई. सकाळी उठून पोळ्या लाटल्या, सासूबाईंबरोबर बाजारात गेले, पाहुण्यांसमोर बसले. चौथ्या दिवशी ओट्यापाशी उभी होते आणि पायांतला जीवच गेला. खाली बसले ती उठताच येईना. विनीत घाबरला. मला इकडे आणताना रिक्षात त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि सारखं म्हणत होता, “मला खरंच वाटलं नव्हतं गं.” त्याला कधी पटलंच नव्हतं, आणि तो ते तोंडावर म्हणायचा. तू मात्र माझे पाय चेपत होतीस, बायकांशी भांडत होतीस, आणि मनात काय धरून बसली होतीस?

आता खोलीचे पडदे ओढलेले असतात. स्क्रीनकडे पाहिलं की डोकं फुटतं, त्यामुळे प्रोग्रामिंग बंद. परवा नुसतं आठवून पाहिलं, तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा लूप कसा लिहायचा. साधी गोष्ट, पण आठवेना. रडले. संध्याकाळी माई केस विंचरत होती आणि एकदम सगळा आठवला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तुला सांगायला म्हणून फोन हातात घेतला.

आणि ठेवून दिला.

आता काही जमलं, जरा हसू आलं, तर आधी मला भीती वाटते की हे कुणी पाहिलं तर? ही भीती मला विनीतने दिलेली नाही.

प्रोग्राम वापरत राहा. तो तुझ्यासाठीच केला होता. दिवाळीत इकडे येऊ नकोस. माईला भेटावंसं वाटलं तर तिला तिकडे बोलाव. आणि मी कशी आहे असं कुणी विचारलं, तर माहीत नाही म्हणून सांग. तेच खरं आहे.

राजसी