पबविरुद्ध दोनशे बारा सह्या

१६ जानेवारी २००४, शुक्रवार

आजपासून रोज लिहायचं. कार्यकर्तीकडे नोंदी असल्या पाहिजेत.

गंगापूर रोडच्या मैदानावर गोदातीर कला महोत्सव सुरू झाला. दहा दिवस. मी स्वयंसेविका. भरवणाऱ्या महिला मंडळाला एक पूर्णवेळ कार्यकर्ती हवी आहे. अध्यक्ष सरोजिनीताई शेवटच्या दिवशी स्टेजवरून नाव जाहीर करणार. मी विचारलं, तर म्हणाल्या, "काम बघून ठरवू." म्हणजे ठरल्यासारखंच. घरी तसं सांगून टाकलं. माझे वडील, दादा, एकलहऱ्याला थर्मल वीज केंद्रात हेल्पर आहेत. घरातली पहिली बी.ए. मी, म्हणून त्यांनी त्याच पाळीत सगळ्यांना पेढे वाटले. जरा घाई झाली. पण दहा दिवसांचाच तर प्रश्न आहे.

दुपारी ४. मैदानाशेजारी नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर काळ्या काचा. पाटी इंग्रजीत, पर्पल लँटर्न. पब! कलेच्या मांडवापासून चाळीस पावलांवर! आत जाऊन पाहणी केली. (मैदानावर बायकांसाठी ताडपत्रीचा आडोसा आहे. दार नाही, पाणी नाही. मी दोन बस बदलून सकाळी नऊला पोचलेली असते. पण गेले ते मुख्यतः पाहणीसाठी.)

आत अंधार, इंग्रजी गाणी. तीन कॉलेजकुमार कोल्ड कॉफी पीत होते. चेहऱ्यावर ऱ्हास स्पष्ट दिसत होता. लेडीज टॉयलेट मात्र चकचकीत. आतून कडी. मोठा आरसा. साबणाला गुलाबाचा वास. चैनीला काही मर्यादा? हात दोनदा धुतले, नोंद पक्की व्हावी म्हणून.

निर्धार: हा पब बंद पाडणार.

१७ जानेवारी

योजना तयार. वॉर्डातल्या बायकांनी सह्यांनिशी मागणी केली की मतदान घेतात. आडवी बाटली जास्त निघाली की दारूचं दुकान बंद. समाजशास्त्राच्या नोट्समध्ये मी हे लाल पेनने लिहिलं होतं. फुलस्केपवर मजकूर काढला: "आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला मागणी करतो की पर्पल लँटर्न हा पब कायमचा बंद करावा." लक्ष्य पाचशे सह्या.

माझ्याबरोबरची स्वयंसेविका मीना म्हणाली, "अगं, वॉर्डातल्या बायकांच्या सह्या लागतात. मांडवात पेठच्या आहेत, सिन्नरच्या आहेत." मीनाला व्यापक दृष्टी नाही.

सरोजिनीताईंना कागद दाखवला. खूश. "शाब्बास, चंद्रकला! समारोपाला स्टेजवर दे मला, मी माइकवरून वाचते." जाता जाता आडोशाबद्दलही बोलले. म्हणाल्या, "कलेच्या मांडवात असले विषय नको गं." त्यांचा बंगला समोरच आहे.

पाहणीसाठी आज तीनदा गेले.

१८ जानेवारी, रविवार

दुपारपर्यंत सह्या शून्य. बायका विचारतात, कुठला पब? दाखवल्याशिवाय सही कशी करणार? योग्य मुद्दा. म्हणून अकरा जणींना घेऊन गेले. सगळ्या आत गेल्या त्या अर्धा तास बाहेर येईनात.

त्यात झुंबरबाई होत्या. पेठकडच्या, मांडवात बांबूच्या टोपल्या विणतात. पदराने तोंड पुसत बाहेर आल्या. "पोरी, तीन दिस झालं, सकाळपासून पानी नाय पिले. जावा लागंल म्हणून. आज पिणार." मी कागद पुढे केला. त्यांनी विचारलं, काय लिवलंय? वाचून दाखवलं. त्यांनी कागद मागे ढकलला. "हे बंद करायचा? तुला येड लागलं का काय?"

एकही सही नाही. जनजागृतीचं काम सावकाशच होतं.

१९ जानेवारी

रणनीती बदलली. मजकुरावर डिंकाने चिठ्ठी चिकटवली: "महोत्सव संपल्यावर बंद करावा." सह्या सहा.

पबचा मॅनेजर धनराज नांदगावचा निघाला. मी शत्रू आहे हे त्याला स्पष्ट सांगितलं. म्हणाला, "करा ना ताई बंद. पण तोपर्यंत बसा तरी. उभ्याने कुठं आंदोलन होतं?" लिंबू सोडा आणला. तत्त्व म्हणून नाकारला. मग गार होता म्हणून घेतला.

२० जानेवारी

नांदगावची पैठणीवाली म्हणाली, महोत्सवानंतर बंद का? मला गंगापूर रोडला दर महिन्याला माल द्यायला यावं लागतं, मग जायचं कुठं? नवीन चिठ्ठी: "संध्याकाळी सातनंतर बंद करावा." सह्या अठ्ठावन्न! दिशा बरोबर आहे.

धनराजची तक्रार: "ताई, तुमच्या बायकांमुळं टाकी दोनला रिकामी होते. मालक विचारतो, पबात एवढं पाणी पितं कोण?" त्याला समज दिली की सामाजिक बदलाची किंमत असते. त्याने मसाला पापड दिला. पापडात दारू नसते. विचारून घेतलं.

२१ जानेवारी

दादांनी विचारलं, ऑर्डर लेखी मिळते का? सेक्शनमधले विचारतात म्हणे. मी म्हणाले, सामाजिक क्षेत्रात आधी शब्द असतो. त्यांनी मान हलवली. आई म्हणाली, "शब्द तरी कुणी दिलाय का?" आईचं शिक्षण चौथी. पण कधी कधी उगाच नेमकं बोलते.

वॉर्डातल्याही सह्या हव्यात म्हणून बिल्डिंगमध्ये गेले. पहिल्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंनी शिरा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळ, गाळा माझाच आहे." शिरा चांगला होता.

२२ जानेवारी

बायकांचं म्हणणं, पब बाराला उघडतो, आम्ही नऊपासून इथे. मधले तीन तास? शेवटची चिठ्ठी चिकटवली: "पर्पल लँटर्न महिलांसाठी सकाळी दहापासून उघडावा." रांग लागली. झुंबरबाईंनी अंगठा दिला आणि मुलीलाही सही करायला लावली. एकूण दोनशे बारा!

मीनाने कागद वाचला आणि तोंडावर हात ठेवला. "चंदे, तू पब बंद करायला निघाली होतीस ना?" मी शांतपणे समजावलं की खालच्या थरात मूळ मागणी तशीच आहे. समारोपाआधी वरच्या चिठ्ठ्या काढल्या की झालं.

२४ जानेवारी

सकाळी चिठ्ठ्या काढायला घेतल्या. पाण्याने, मग वाफेने, मग ब्लेडने. डिंक फार चांगला निघाला. मूळ मजकुरातला "कायमचा" तेवढा निघून आला, तोही ब्लेडला चिकटून.

झुंबरबाई टोपली विणता विणता बघत होत्या. "काय खरडते?" मी म्हणाले, थोडी दुरुस्ती. त्यांचा हात थांबला. "आमी ज्यावर अंगठा दिला तेच ठेव हं पोरी. आमाला वाचता येत नाय म्हनून तुझ्यावर सोडलं."

ब्लेड ठेवून दिलं. तत्त्वासाठी. चिठ्ठी तशीही निघत नव्हती.

नवीन कागदावर पहिल्यापासून सह्या घेता येतील का, याचा दुपारभर विचार केला. दोन जणींना विचारलं. दोघींनी विचारलं, कशासाठी? सोडून दिलं. सरोजिनीताई गडबडीत असतील, मजकूर वाचणार नाहीत, आकडाच सांगतील. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलकही लोक कुठे पूर्ण वाचतात?

२५ जानेवारी, रविवार

त्यांनी वाचलं.

माइकवर. नगरसेवक शेजारी, पत्रकार पहिल्या रांगेत. आधी पाच मिनिटं व्यसनमुक्तीवर बोलल्या, मग मला स्टेजवर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "या तरुण मुलीने एकटीने दोनशे बारा महिलांचा आवाज गोळा केला आहे! ऐका काय म्हणतात त्या!" आणि वाचलं. "सकाळी दहापासून" इथपर्यंत वाचून थांबल्या. खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला.

मांडवातल्या बायकांनी मात्र टाळ्यांचा कडकडाट केला. समारोपातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच. मागून झुंबरबाई ओरडल्या, "आन् पानी पन ठेवा!"

पूर्णवेळ कार्यकर्ती: मीना. तिने दोन दिवसांपूर्वी आडोशाला दार लावून घेतलं होतं. सुताराला हाक मारून. कुणाची सही न घेता.

२६ जानेवारी

पेपरात चौकट आली. "पब लवकर उघडा! एकलहऱ्याच्या पदवीधर तरुणीची मागणी." झेंडावंदनाला दादा पेपर घेऊनच गेले होते. तिथे कुणीतरी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं.

घरी आले, टोपी खुंटीला लावली. विचारलं, "नोकरी लागली का?" वाक्य तयार होतं. निर्णय प्रलंबित आहे, असं. पण त्यांनी अजून इस्त्रीचा शर्ट काढला नव्हता. मी म्हणाले, नाही. कधीच लागली नव्हती.

ते म्हणाले, "मग सेक्शनमध्ये काय सांगू?"

आजची नोंद इथेच.

२९ जानेवारी

धनराजचा शेजारच्या क्वार्टरमध्ये फोन. मालकाने चौकट वाचली. दुपारी बायकांचं गिऱ्हाईक येतंय म्हणून लेडीज साइड वेगळी करायची आहे. देखरेखीला शिकलेली, खंबीर मुलगी हवी. वेळ दहा ते सहा.

तत्त्वतः नकार दिला. सोमवारी चर्चेसाठी जाणार. बदल आतून होतो.

दादांना या वेळी खरं सांगितलं. पबात, बायकांच्या टॉयलेटची देखरेख. त्यांनी चपलेचा सुटलेला अंगठा दाबून बसवला. मग म्हणाले, "सेक्शनमध्ये हेच सांगतो. नोकरी म्हणजे नोकरी. पण तिथलं काही खायचं नाही. डबा ने."

२ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळी साडेसहा

पहिला दिवस. पदनाम: महिला सुविधा प्रमुख. मीच सुचवलं. काम: फरशी कोरडी आहे का बघणे, टॉवेल बदलणे, दाराच्या मागच्या तक्त्यावर दर तासाला सही करणे.

दिवसभरात अकरा जणी आल्या. प्रत्येकीशी संवाद साधायचा निर्धार होता. साडेतीनला एक प्राध्यापिका आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शिकलेली दिसतेस. इथे कशी?" हाच प्रश्न हवा होता. मी उभी राहिले आणि स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यावर पहिल्यापासून सांगायला लागले.

त्यांना घाईची लागली होती.