राणीसाहेबांचं मराठी

आई,

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या बायका खाली बाकावर बसून कुठल्याशा परदेशी राजघराण्यातल्या नवराबायकोबद्दल बोलत होत्या. त्या दोघांनी म्हणे पेपरवाल्यांविरुद्ध तक्रारी केल्या आणि मग स्वतःच टीव्हीवर बसून घरातलं सगळं सांगितलं. एक म्हणाली, "एवढा कॅमेऱ्याचा त्रास होता तर कॅमेऱ्यासमोर जाऊन बसायचं कशाला?" दुसरी म्हणाली, "पोरीला लई छळलं असंल, उगी नाय बोलत कुणी." मग मला विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही, आणि गुडघ्याचं निमित्त करून वर आले. घरात मी एकटीच असते. मुलगा आता परदेशातच स्थायिक झालाय, त्याचा फोन रविवारी येतो. चहा केला, कप समोर ठेवून बसले, आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

आपल्याकडं राजा नावालाच उरला होता. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्याच्या हाताखालची लहान लहान संस्थानंही गेली. त्यातल्याच एका संस्थानाचे तरुण राजेसाहेब छावणीतल्या बंगल्यात राहायला आले. गादी नव्हती, पण लोक त्यांना राजेसाहेबच म्हणत. मला समजायला लागलं तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालेलं. राणीसाहेब उत्तरेकडच्या, हिंदी बोलणाऱ्या, जेमतेम विशीच्या. राजेसाहेबांना निवडणुकीला उभं राहायचं होतं, म्हणून पेपरवाल्यांना बंगल्यावर सारखं बोलावणं असायचं. राणीसाहेब जीप चालवताना, राणीसाहेब शाळेत बक्षिसं वाटताना, दोघं मिळून कारंज्यापाशी, असे फोटो छापून यायचे आणि बायका ते कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायच्या. राणीसाहेबांनी व्यासपीठावरून मराठीत बोलावं असं ठरलं, आणि शिकवायला शाळेतून कुणीतरी पाठवा असा निरोप आला. मुख्याध्यापिकांनी तुला पाठवलं. तू विधवा, कामाशी काम ठेवणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून पाठवलं असणार.

शाळा सुटली की बंगल्यावरून टांगा यायचा. पैठण गेटजवळच्या आपल्या दोन खोल्यांतून मी तुला जाताना बघायची. पांढरं पातळ, हातात पाटी आणि पहिलीचं पुस्तक. नळावर बायका तुला घेरायच्या. राणी काय खाते, राणी राजाला काय म्हणून हाक मारते, पलंग खरंच चांदीचा आहे का. तू घागर उचलता उचलता म्हणायचीस, "आज जोडाक्षरं झाली." बायका हसायच्या, चिडायच्याही. घरी मलाही तेवढंच. शेजारच्या मुसलमान मावशी, आपल्या खाला, मात्र कधी काही विचारत नसत. माझ्या पाठचं बाळ जन्मतःच गेलं आणि वर्षाच्या आत बाबाही गेले, तेव्हा त्याच तुझ्याजवळ होत्या. विचारण्यापलीकडचं त्यांनी तुझं सगळं पाहिलेलं होतं.

मग राणीसाहेबांना दिवस गेले. तेही पेपरात आलं, कारण तेही राजेसाहेबांनीच सांगितलं होतं. आणि एकाएकी सगळं बंद झालं. फोटो नाही, समारंभ नाही, बंगल्याचं फाटक दिवसभर लावलेलं. एका दैनिकानं छापलं की राजाराणीचं पटत नाही, राणीला इथं मूल नको होतं, ती कायमची माहेरी निघालीय. राजेसाहेबांनी वकिलाची नोटीस धाडली. त्यानं तर गाव आणखीच पेटलं. गुलमंडीवर हॉटेलात माणसं तावातावानं बोलायची. मी दही आणायला गेले तर एकजण म्हणत होता, "बोलवायला ह्यांनीच बोलावलं, चहा पाजला, फोटो काढून घेतले. आता फाटक लावलं की लिहायचं थांबवायचं व्हय?" समोरचा म्हणाला, "अरे पण माणसाला घर असतंय का नाय?" पहिला म्हणाला, "राजाला कसलं आलंय घर." बाकीचे हसले. नळावरच्या बायकांचा निकाल त्याहून पक्का होता. राणी शिष्ट, राणीला मूल नको, बिचाऱ्या राजाचं नशीब फुटकं. कपाटांच्या दारांवरचे फोटो निघाले. तू तेव्हाही रोज दुपारी जात होतीस. परतल्यावर हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसायचीस, आणि मी बोलले तरी तुला ऐकू यायचं नाही.

त्यानंतर एका साप्ताहिकात तो लेख आला. राणीसाहेबांना मृत मूल झालं होतं. त्या कुठंही चालल्या नव्हत्या, पाळण्याच्या खोलीतून बाहेरच येत नव्हत्या. आणि त्यात एक वाक्य होतं, "मूल गेलं, पण अंगाला ते अजून कळालेलं नाही." गावातल्या बायका ते वाचून रडल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी दुसऱ्यांकडून वाचून घेतलं आणि रडल्या. खण-नारळ घेऊन बायका फाटकाशी उभ्या राहिल्या. पुरुषांचंही मत फिरलं, पेपरवाले हलकट ठरले, राणी साध्वी ठरली. पण लेखात असंही लिहिलं होतं की ही माहिती घरात रोज जाणाऱ्या विश्वासू माणसाकडून मिळाली. राजेसाहेब त्या दिवसांत हैदराबादला होते. ते परतले आणि त्यांनी निवेदन दिलं, आमच्या उंबऱ्याच्या आत घेतलेल्या माणसानं आमचा विश्वास विकला. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. बाहेरची अशी तू एकटीच आत जात होतीस.

टांगा यायचा थांबला. नळावर तू गेलीस की बोलणं थांबायचं. शिकवणीला येणाऱ्या मुली एकेक करून बंद झाल्या, प्रत्येकीचं कारण वेगळं आणि सगळ्यांचं एकच. शाळेत तू मधल्या सुट्टीत वर्गातच डबा खायला लागलीस. ज्या लेखामुळं राणीसाहेब सगळ्यांच्या लेक झाल्या, त्याच लेखासाठी तू सगळ्यांना परकी झालीस, आणि ह्यात काही उलटसुलट आहे असं एकीलाही वाटलं नाही. त्यांनी तो लेख वाचला होता, कात्रण जपून ठेवलं होतं, आणि तो बाहेर आला कसा म्हणून तुला बोल लावत होत्या. एका सकाळी मी उठले तर तू चुलीसमोर नुसतीच बसलेली. चूल पेटलेली नाही. खाला दारात उभ्या आहेत, हातात त्यांच्याकडचं दूध. "क्या बाई, सुबू से चूल्हा नईं जलाए? लोगां का क्या, बोलते रहते. उठो, चाय रखो. मेरे कू भी होना." तू उठलीस. त्या चहा संपेपर्यंत बसल्या आणि लेखाबद्दल अक्षर बोलल्या नाहीत.

मी मात्र बोलले होते. वर्गातल्या एका मुलीनं तुला चहाडखोर म्हटलं म्हणून तिच्याशी भांडून, वेणी सुटलेली, मी घरी आले. सांगितलं, मी तिला म्हटलं माझी आई असलं करत नाही. मला वाटलं तू जवळ घेशील. तू कणीक मळत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "कुणाला काही सांगू नको. आपण बोललं की त्यांना अजून पाहिजे असतंय." मी विचारलं, मग ते वाक्य? कारण ते वाक्य मी ओळखलं होतं. पाठचं बाळ गेलं तेव्हा तू खालांच्या खांद्यावर डोकं ठेवून तेच बोलली होतीस, अगदी त्याच शब्दांत, आणि मी दाराआड होते. तू हाताची कणीक सोडवलीस. म्हणालीस, "जेव." एवढंच. राजेसाहेब निवडून आले आणि मुंबईला गेले. लोक हळूहळू विसरले, मुली पुन्हा शिकवणीला आल्या, पण तू त्यांच्याशी पहिल्यासारखी हसली नाहीस. मी मोठी झाले, लग्न झालं, तू गेलीस. ते वाक्य राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यात शाळेतून माझा नंबर शोधून एक फोन आला. राणीसाहेब आल्या होत्या. राजेसाहेब जाऊन बरीच वर्षं झालीत, बंगला विकायचाय म्हणून त्या नात्यातल्या एकांकडं इथं उतरल्या होत्या, आणि त्यांना बाईंना भेटायचं होतं. तू नाहीस हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी गेले. खुर्चीत एक वाळकी, गोरी म्हातारी, पायावर शाल. मी कोण ते सांगितलं आणि तू कधी गेलीस तेही सांगितलं. त्यांनी शेजारची खुर्ची हातानं जवळ ओढली. मग म्हणाल्या, "इथं बस. माझ्याजवळ."

त्यांनी सांगितलं ते असं. राजेसाहेब गावाला गेलेले, आणि बाहेर लोक काय बोलतात ते मोलकरणींकडून त्यांच्या कानावर आलेलं. मूल नको होतं, हे शब्द त्यांना सहन होईनात. त्यांनी स्वतःच साप्ताहिकाच्या संपादकाला बोलावून घेतलं. "तुझी आई तिथंच होती. मला तेव्हा मराठी कुठं येत होतं नीट. मी अडले की ती शब्द द्यायची. मी तिला हिंदीत विचारलं, ये कैसे बोलते हैं, कि बच्चा नहीं रहा और बदन मानता नहीं. तिनं हातातली पाटी खाली ठेवली. मग तिनं ते वाक्य सांगितलं. हळू, एकेक शब्द. मी तिच्या मागं म्हटलं." आपल्याला वाचवायला म्हणून संपादकानं विश्वासू माणूस असं लिहिलं, त्या म्हणाल्या. राजेसाहेबांना कळलं असतं तर त्यांनी बायकोला माहेरी नेऊन टाकलं असतं, आणि माहेरी सावत्र आई.

"मी तिला म्हटलं होतं, मी खरं सांगते," राणीसाहेब म्हणाल्या. "ती म्हणाली, तुमचं घर जाईल. माझं काय, लोक बोलतील फक्त."

फक्त. मी त्या शब्दापाशी अडकले, आई. ती न पेटलेली चूल मी पाहिली होती. त्यांनी पाहिली नव्हती. मला राग आला, तो तोंडावर दिसला असणार, कारण त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, त्यानंतर बाईंचं काय झालं. मी सांगायला लागले आणि शाळेतल्या मधल्या सुट्टीपाशी येऊन थांबले. तेव्हा त्या किंचित पुढं वाकल्या, भुवया वर केल्या, आणि म्हणाल्या, "हां, मग?"

ते तुझं होतं. फळ्यापाशी अडलेल्या पोरीला तू असंच म्हणायचीस, "मग"वर जरा रेंगाळून, तुझ्या माहेरच्या, देवगाव रंगारीच्या हेलात, जणू काही पुढचं ऐकल्याशिवाय तुला करमणारच नाही. शाळेतून आले की दिवसभराचं सांगताना मलाही म्हणायचीस. हे सगळं व्हायच्या आधी. नंतर कधी म्हणाली नाहीस. राणीसाहेबांचं सगळं मराठीच तुझं आहे. जपून ठेवल्यासारखं, कुणी वापरून न झिजवलेलं. त्यांना कळतही नाही की त्या कुणासारख्या बोलतात.

मी परत गेले. मग आणखी एकदा. बंगल्याचं काम रेंगाळलंय, त्यामुळं त्या अजून इथंच आहेत, आणि आता दर आठवड्याला मी जाते. त्यांना वाटतं मी सगळं पोटात घातलं. त्या घरातली माणसंही म्हणतात, किती मोठं मन. पोटात घातलेलं नाही मी, आई, आणि घालता येईल असंही वाटत नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखवणार नाही, कुणालाच नाही. मी तिथं जाते, भाजीवालीचं, गुडघ्याचं, मुलाच्या फोनचं काहीबाही सांगते, आणि मधेच मुद्दाम थांबते.