नानांचं पाणी चारला

१७ जानेवारी १९३८, धुळे
झालो एकदाचा! म्युनिसिपालटीचा अध्यक्ष. एका मताने. ते मत नानांचं. माझ्याच गावचे, आता देवपुरातून निवडून आलेले. पडलेले वकीलसाहेब हार घालताना म्हणाले, "बघू किती दिवस." घरी सौ.: "आता तरी वेळेवर आंघोळ करत जा." आनंद पोटात मावत नाही.

२ एप्रिल
नदीपलीकडे देवपुरात नळ आणीन, हे माझं वचन. पाइप पोचले! पाणी मात्र थोडं. वाटायचं कसं? सुकदेवला बोलावलं. गावी बंधाऱ्याच्या पाटावर वीस वर्षं हाच फडातल्या शेतांना पाळीने पाणी द्यायचा, कधी भांडण नाही. आता आमच्याकडे नळाच्या चाव्या फिरवतो. म्हटलं, "फडाच्या रीतीने सोड." "बरं आबा." संपलं काम.

१२ एप्रिल
उद्घाटन. मांडव रस्त्याच्या तोंडाशी, नानांच्या दारात. बँड, पाहुणे, नारळ, तोटीला हळदकुंकू. तोटी फिरवली. फुस्स! परत फिरवली. नुसती हवा. वकीलसाहेब हसून खुर्चीतून पडायचे बाकी. एवढ्यात पार शेवटच्या गल्लीतून, पाणी आलं म्हणून बायांचा ओरडा, "पानी उनं वं! पानी उनं!"

सुकदेव हात जोडून: "आबा, तुम्हीच सांगं ना? फडमा शेवटना वावरले पयलं पानी."

अरे देवा! खरंच की, फडात शेवटच्या शेताला आधी पाणी. मीच सांगितलं, मीच विसरलो. आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग असं हसू फुटलं की उपरणं तोंडात कोंबलं. बँडसकट शेवटच्या गल्लीत. बायांनी अध्यक्षांना नखशिखांत भिजवलं. इतका खूश मी लग्नातही नव्हतो (सौ.ने हे वाचू नये).
नाना आले नाहीत. दारात मांडव आणि नळ कोरडा. फार लागलंय त्यांना.

१४ एप्रिल
वकीलसाहेबांनी अविश्वासाचा ठराव आणला. सभा उद्या तीनला. नाना काल त्यांच्याकडे चहाला. नानांचं मत गेलं की खुर्ची गेली.
नानांच्या नळाची पाळी उद्या चारला. हेडक्लार्क कानाशी: "साहेब, दोनलाच सोडू. मत पक्कं." मोह झाला, खोटं कशाला लिहू. सुकदेवला विचारलं. "सोडस ना आबा. पन मंग मधली गल्लीना बठ्ठा हंडा रिकामा."
हेडक्लार्कला सांगितलं, चार म्हणजे चार. तो कपाळाला हात लावून गेला. सौ. म्हणते, "बरं झालं. खुर्ची गेली तर आंघोळ तरी वेळेवर." हसून हसून ठसका लागला.

१५ एप्रिल, सकाळी
देवपुरात चक्कर. नाना सुकदेववर तणतणत होते. तो शांतपणे: "नाना, गावमा तुमनं वावर बी शेवटलंच शे ना? पयलं पानी कोनले भेटे?"
नाना तंबाखू मळत राहिले. मग माझ्याकडे वळून,
"पाणी चारलाच?"
"चारलाच, नाना."
"आणि सभा?"
"तीनला."
"हं."
आत गेले. मला वाटलं, संपलं. तर रिकामी बादली घेऊन बाहेर आले, कोरड्या नळाखाली नीट ठेवली, आणि सभेचा कोट झटकायला लागले.
आत्ता अकरा वाजलेत. आंघोळ अजून राहिलीच आहे.