फुटक्या घागरीतला कुर्डू

मंगळवार, भातकापणीचे दिवस

रामनगरच्या बाजारातून आले तर बांध साफ. गुलाबी तुऱ्यांचा माझा कुर्डू गेला. किती वेळा सांगितलं ह्यांना, तेवढा एक राहू द्या. "तण हाय ते, शेतभर बी पडतंय," एवढंच ह्यांचं उत्तर. मी जेवण वाढलं.

मग परसात गेले तर फुटक्या घागरीत तोच कुर्डू, मुळासकट लावलेला. तुरे वाकलेले. "जगंल न्हवं?" हे दारातून विचारतात. व्हय म्हटलं.

फुलावर आलेला कुर्डू उपटून लावला तर जगतो होय? तसाही थंडीत वाळायचाच. पण ह्यांना सांगणार न्हाई. तुऱ्यांच्या बुडाशी आधीच वाळलेल्या फुलांतलं बी गुपचूप त्याच घागरीत झाडलं. पुढच्या पावसात उगवलं की म्हणतील, बघ, जगवला का न्हाई.