पावाच्या तळाची फुली

प्रिय बारके,

अक्षर ओळखलंस ना? मग लगेच फाडू नकोस. तू फोन घेत नाहीस, मला बघून दार उघडशील याची खात्री नाही, म्हणून हे बेकरीतल्या भट्टीवाल्याच्या हाती पाठवतेय. त्याला चारदा बजावलंय, तिच्या हातातच द्यायचं, उंबऱ्यावर टाकून यायचं नाही. तो म्हणाला, ताई, माझ्यावर तरी भरवसा ठेवा. बघ, अकरा महिन्यांत तुझी बहीण किती सुधारलीय ते.

आधी बातमी सांगते. गेल्या महिन्यात बेकरीत जाड कागदाचं एक पाकीट आलं. जाड कागद दिसला की मी आधी तो उजेडात धरून बघते, तुला माहीत आहे. वाटलं, कोणीतरी तक्रार केली. उघडलं तर शहराच्या नागरिक समितीचं पत्र. खाण्यापिण्याच्या धंद्यांपैकी जे प्रामाणिक आहेत, अन्न वाया घालवत नाहीत, कामगारांना नीट वागवतात आणि शेजारपाजाऱ्यांना धरून राहतात, अशा तिघांचा ते दरवर्षी जाहीर गौरव करतात. यंदा त्या तिघांत आपली बेकरी. तुझे भावोजी पत्र घेऊन नाचायचेच बाकी होते. पाटी कुठे लावायची ते ठरलं, खिळासुद्धा ठोकून झाला. मी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मनात पाल चुकचुकली. आपलं कौतुक, आणि तेही न मागता? कुठेतरी पाणी मुरतंय, मी म्हटलं. भावोजी म्हणाले, तुला देव भेटला तरी तू त्याच्याकडे ओळखपत्र मागशील.

पण कारणं वाचशील तर तुलाही कळेल मी का दचकले ते. पीठ जवळच्याच गिरणीतून घेतो, हे खरं. भट्टीची राख बागवाल्याला देतो, हेही खरं. त्याच्याखाली लिहिलं होतं की ही बेकरी न खपलेला पाव टाकून देत नाही, मागच्या गल्लीतल्या गरजूंच्या घरी रोज सकाळी पोचवते, गेली सहा वर्षं. आणि पुढे तर कहरच. कालचा पाव ताजा म्हणून कुणाच्या गळ्यात पडू नये, म्हणून त्याच्या तळाला सुरीनं छोटीशी फुली मारलेली असते. असा स्वच्छ व्यवहार समितीनं याआधी कुठेच पाहिला नाही म्हणे. आता तूच सांग. उरलेल्या पावाचं मी काय करते ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? वाळवते, चुरा करते, पुड्या बांधून विकते. चुऱ्यालाही चालणार नाही तो कोंबडीवाल्याच्या पोत्यात. फुकट एक पाव मी आजवर कुणाला दिलेला नाही, सख्ख्या नणंदेलासुद्धा नाही. आणि पाकिटात सोबत एक कागद होता, वर लिहिलेलं सगळं खरं आहे अशी मालकानं सही करायची. म्हणजे सही केली की मी खोटी, आणि नाही केली की बेकरी खोटी.

माझा पहिला संशय समोरच्या केकवाल्यावर. मला वाटलं, यानंच खोटं नाव पाठवलंय, म्हणजे तपासणी होईल, आम्ही तोंडावर आपटू. दोन दिवस मी काचेआडून त्याच्यावर डोळा ठेवला. शेवटी न राहवून आडून आडून विचारलं, तर त्याचं तोंड एवढंसं झालं. तो स्वतः तीन वर्षं अर्ज करतोय आणि त्याला कोणी विचारत नाही. वर मलाच म्हणाला, कुणाची ओळख काढलीत ते मलाही सांगा की. मग संशय भावोजींवर, पण त्या माणसाला एक गोष्ट चार तास पोटात ठेवता येत नाही. आणि मग, बारके, तुझ्यावर. वाटलं, हा तुझा सूड असणार. मला व्यासपीठावर उभी करायची आणि चारचौघांत तोंडघशी पाडायची. आठवडाभर मी तुला मनातल्या मनात इतकं बोलले, इतकं बोलले, की तुला नक्की उचक्या लागल्या असतील.

मग समितीच्या बाई तपासायला आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात लटकलेला. त्यांनी कचऱ्याचा डबा उघडून वास घेतला, पिठाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मोरीची जाळी उचलून बघितली. माझ्याहून संशयी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. खरं सांगते, मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. पण पुढे त्या म्हणाल्या, कामगारांशी मी एकटी बोलणार, तुम्ही बाहेर थांबा. माझ्याच बेकरीच्या दाराला मी कान लावून उभी! आत भट्टीवाला काहीतरी पुटपुटत होता आणि भट्टीच्या आवाजात एक अक्षर ऐकू येईल तर शपथ. बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, ती निळ्या पिशवीवाली कुठे आहे? तुझ्याविषयी विचारत होत्या. मी म्हटलं, सोडून गेली. का? घरची अडचण होती, मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. जाता जाता म्हणाल्या, गल्लीतले लोक सांगतात की जवळजवळ वर्षभर पाव येत नाही, तुमच्या घरात कुणी आजारी आहे असं त्यांना वाटतं, ते काळजी करत होते. मी नुसती मान हलवली.

आता फुलीचं सांगते. हे मी तुला कधीच सांगितलेलं नाही. चुरा कमी पडायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. मला वाटलं, तू माझा पाव तुझ्या दिराच्या चहाच्या टपरीवर देतेस. विचारायचं सोडून मी काय केलं, तर संध्याकाळी तू गेल्यावर उरलेल्या प्रत्येक पावाच्या तळाला सुरीच्या टोकानं फुली मारायला लागले. मग सुट्टीच्या दिवशी टपऱ्याटपऱ्यांवर जाऊन चहा मागवायचा आणि बशीतला पाव उलटा करून बघायचा. दोन महिने! एका टपरीवाल्यानं विचारलंसुद्धा, बाई, खाली काय शोधताय, मी तळ जाळत नाही. सापडलं काहीच नाही, म्हणून एका सकाळी तू हात धुवायला गेलेली असताना तुझी पिशवी उघडली. सहा पाव, सहाही फुलीचे. तू मोरीतून आलीस, उघडी पिशवी बघितलीस आणि म्हणालीस, ताई, शिळेच आहेत गं. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, चोराला शिळंताजं काय. तू एप्रन काढलास, घडी घालून पिठाच्या पोत्यावर ठेवलास आणि गेलीस. नऊ वर्षांचं काम संपायला तेवढाच वेळ लागला.

माझ्या त्याच फुलीला त्या समितीनं स्वच्छ व्यवहार म्हटलंय. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती. तरी खोड कुठे जाते? वाटलं, हे पाव खरंच गरिबांकडे गेले कशावरून? भट्टीवाल्याच्या खनपटीला बसले. कुणाला सांगायचं नाही अशी तू त्याला शपथ घातली होतीस म्हणे. मग म्हणाला, मला विचारण्यापेक्षा गल्लीत जाऊन विचारा.

गेले. तीन घरं निवडली, एकमेकांपासून लांब, म्हणजे त्यांना आपसांत ठरवायला वेळ मिळायला नको. इस्त्रीवाली, डोळ्यांनी अधू झालेला म्हातारा शिंपी आणि ती जिन्याखाली राहणारी दोन बहिणींची जोडी. तिघांकडे वेगवेगळी उलटतपासणी घेतली. कोण आणायचं, किती वाजता, कशात, काय म्हणायचं. तिघांचं उत्तर अक्षराला अक्षर तेच. निळी पिशवी, सातच्या आत, आणि दारात ठेवताना एकच वाक्य, ताईनं पाठवलेत. माझं नाव! इस्त्रीवालीनंच गेल्या वर्षी, पाव येत होता तेव्हा, सतरा जणांच्या सह्या गोळा करून माझ्या बेकरीचं नाव कळवलं होतं. ती माझे दोन्ही हात धरून म्हणाली, तुमची तब्येत आता बरी आहे ना? फार काळजी वाटायची. शिंप्यानं मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मी बसले आणि तिथेच रडले, त्या बिचाऱ्याला वाटलं मी खरंच आजारातून उठलेय.

एक बोलू? मला तुझा अजूनही राग येतो. विचारायचं होतंस मला. सहा वर्षं माझ्या नावानं पुण्य करत होतीस आणि मला पत्ता नाही! पिशवी उघडली तेव्हा तरी तोंड उघडायचंस. पण तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून उरलेला पाव कुलपात ठेवला असता. हे तुला ठाऊक होतं. म्हणून रागावताना मी अर्ध्यावरच थांबते.

तो कागद मी सही न करता समितीच्या बाईंना परवा नेऊन दिला. पाव कुणी दिला, फुली कुणी मारली आणि कशासाठी, सगळं सांगितलं. घरची अडचण नव्हती, मीच घालवली, हेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, समितीपुढे ठेवते, पण यंदा तुमचं नाव राहील असं वाटत नाही. मी म्हटलं, राहू नये. भावोजी माझ्याशी बोलत नाहीत. खिळा तसाच आहे भिंतीत, आणि मी त्याला टोपली अडकवते. गल्लीत मंगळवारपासून मी स्वतः जातेय. तुझ्याइतकं पटापट जमत नाही, आणि इस्त्रीवाली रोज चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. तुझ्याविषयी विचारते. ते पाव तूच देत होतीस, मी नव्हे, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं.

पण हे सगळं कळवायला मी पत्र लिहीत नाहीये. हे तुला भट्टीवाल्यानंही सांगितलं असतं. लिहायचं आहे ते कुणालाच माहीत नाही. तू इथून गेल्यावर इस्पितळाच्या कँटीनमध्ये काम मागितलंस, मग शाळेच्या स्वयंपाकघरात, मग मुलींच्या वसतिगृहात. तिन्ही ठिकाणी आधी हो म्हणाले आणि दोन दिवसांनी नाही. आपलं नशीबच फुटकं, असं तू मावशीपाशी म्हणालीस. नशीब नव्हतं, बारके. तिन्ही ठिकाणांहून मला फोन आला होता, बाई कशी आहे म्हणून. मी तिघांनाही एकच सांगितलं, हात चांगला आहे, पण जाताना पिशवी तपासत जा. काल मी तिन्हीकडे पायी गेले. कँटीनमध्ये जागा भरलीय. शाळेतल्यांनी ऐकून घेतलं, विचार करू म्हणाले. वसतिगृहाच्या मुख्य स्वयंपाकीणबाईंनी मात्र मला उभंच ठेवलं आणि नीट फैलावर घेतलं, आणि मग म्हणाल्या, तिला सोमवारी सातला पाठवा. तू परत बेकरीत ये असं मी म्हणत नाही, माफही कर म्हणत नाही. सोमवारी तिथे जा, एवढंच. त्या बाईंनी शेवटी विचारलं, ती तुमची कोण? फोनवरही त्यांनी हेच विचारलं होतं, आणि तेव्हा मी म्हटलं होतं, कोणी नाही, कामाला होती. काल मी त्यांना सांगितलं की ती माझी धाकटी बहीण आहे.

तुला आवडो न आवडो, तुझीच,
ताई