क्लचचं चामडं

कार्तिक शुद्ध २, शके १८४२. मंचर

निरगुडसरच्या चढावर गाडी बसली! इंजिन बोंबलतंय आणि चाकं जागची हलत नाहीत. पायाखालचा क्लच नुसता घसरतोय. मी मागून धक्का मारतोय, आत आई डोळे मिटून नवकार म्हणतेय, भोवती अख्खं गाव गोळा. राघू धनगर म्हणतो, "सुवाशेठ, सकाळी वैरण घातली न्हाई का हिला?" सगळे हसले. शेवटी त्याच्याच बैलांनी गाडी ओढून मंचरला आणली. बैल जुंपले तर आई आत बसायला तयार होईना. बैलांना पराणी टोचणार नाही असं राघूकडून कबूल करून घेतलं, तेव्हा बसली. पाच कोसांना संध्याकाळ झाली.

आज भाऊबीज. बहिणीकडे निघालो होतो असं म्हणायचं. पण गुलाबने दीक्षा घेतली त्याला सहा वर्षं झाली. आता ती कुणाची बहीण नाही, कुणाची मुलगी नाही — गुलाबकुंवरजी महासती! यंदाचा चातुर्मास घोडनदीला आहे. पौर्णिमा झाली की दुसऱ्या सकाळी पायी निघणार, थेट मारवाडकडे. आणि इकडे आषाढापासून आईचं जेवण तुटलंय. वैद्य तिची नाडी बघतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. तिचं एकच — मला गुलाबकडे पोचव.

पौर्णिमेला तेरा दिवस आहेत.

कार्तिक शुद्ध ३

सज्जनबाई म्हणाली, पुण्याच्या मिस्त्रीला बोलवा. बायकोला वाटतं, बोलावलं की माणसं येतात! नवरात्रात गाडी कँपात त्याला दाखवली होती. म्हणाला, महिनाभर ठेवून जा. मी म्हटलं, काय बिघडलंय ते तरी सांगा, मी घरीच करीन. तर चार गिऱ्हाइकांसमोर हसला — "शेठ, तुम्ही कापडाचा गज धरा. पाना आम्ही धरतो."

त्याच्या दारात आता पाऊल ठेवणार नाही. गाडी अंगणात ओंडक्यांवर चढवली. मी स्वतः उघडणार.

बैलगाडीचं आईपुढे पुन्हा काढलं. म्हणाली, मुक्या जनावराला राबवून मी दर्शनाला जायचं? डोलीचं काढलं. "जिती हाय तवर माणसाच्या खांद्यावर जायची न्हाई." मग मोटारीलाच का तयार? तर म्हणे, तिच्यात जीव नाही, तिला दुखत नाही. झालं!

कार्तिक शुद्ध ५

तीन दिवस पाठीवर पडून काम. नाकातोंडात तेल. मागचा दांडा सुटला, गिअरची पेटी सुटली, आणि आज क्लच हातात आला. लोखंडाचा मोठा नरसाळ्यासारखा तुकडा — एका बाजूला रुंद, दुसरीकडे निमुळता. तो इंजिनाच्या चाकात घट्ट बसला की गाडी चालते. आणि त्याच्यावर सगळीकडून ठोकून बसवलेलं काय?

चामडं!

ही गाडी घेतली तेव्हा आईने आधी गाद्या उसवायला लावल्या होत्या. चामड्यावर बसणार नाही म्हणाली. अख्ख्या गाडीला मांजरपाटाच्या खोळी घातल्या, लोक हसले, मी सोसलं. आणि दोन वर्षं ती चामड्याच्या जोरावरच फिरत होती! विकणाऱ्याने सांगायला नको? कँपातल्या त्या शहाण्याने सांगायला नको? आता ते चामडं झिजून तेलाने ओलंचिंब झालंय. मुलतानी माती भुरभुरून पाहिली. काही उपयोग नाही.

आईला सांगितलं नाही. क्लच गोणपाटाखाली झाकून ठेवला.

कार्तिक शुद्ध ७

डोकं लढवलं. चामडंच कशाला हवं? राघूकडून जाड घोंगडीचा तुकडा आणला, दुहेरी करून लोखंडावर ठोकला. लोकर मेंढीच्या अंगावरून कातरलेली, त्यात हिंसा नाही. सगळं परत जोडायला दीड दिवस गेला. हँडल मारलं, क्लच सोडला. गाडी दोन हात पुढे गेली आणि खालून धूर! जळक्या लोकरीचा वास सगळ्या पेठेत. समोरचा पोपटलाल नाकाला धोतर लावून विचारतो, काय शिजवताय?

दोन दिवस वाया. पाना भिंतीवर फेकला. पोपडा पडला, पाना शाबूत.

कार्तिक शुद्ध ९

सावळाराम चांभाराला निरोप धाडला. तो फाटकाबाहेर लिंबाखाली उभा राहिला. मी आतून गजाने माप घेतलं — लांबी इतकी, रुंदी इतकी — आणि कागदावर लिहून कागद त्याच्यापुढे टाकला. कागद उचलून तो म्हणतो, "शेठ, त्ये लोखंड एकदा हातात द्या. बघितल्याबिगर कसं कापू?"

म्हटलं, माप दिलंय ना? तेवढं काप.

त्याला अंगणात घेतला तर उद्या पंचायतीत माझंच नाव निघेल. आणि आई घरात! ती काय म्हणेल?

कार्तिक शुद्ध ११

पट्टी आली. बसत नाही! एका कडेला ताणली की दुसऱ्या कडेला चुण्या पडतात. सावळारामवर ओरडलो — आंधळ्यासारखं कापलंस! त्याने दुसरी कापून आणली, तीही तशीच. पुन्हा ओरडलो. तो बाहेरूनच शांतपणे म्हणाला, "तुमी सांगितलं तसंच कापलं, शेठ. तुमी कापडावानी मापलंय. ह्ये सरळ न्हाई बसायचं."

मला शिकवतोय! तीस वर्षं कापड मोजतोय मी!

मग ओट्यावर जाऊन बसलो. गज हातातच होता. कापडाचं ठाण सरळ असतं, म्हणून मी जगातलं सगळं सरळच मापायला निघालो होतो. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि एका चांभाराने फाटकाबाहेरून सांगितलं. एवढा संताप कधी आला नव्हता. कुणावर आला तेही धड सांगता येत नाही.

चार दिवस राहिले.

कार्तिक शुद्ध १२

आई भिंत धरत अंगणात आली. मी गाडीखाली होतो. गोणपाट तिनेच काढलं. चामड्याच्या दोन्ही पट्ट्या तिथेच पडलेल्या. आता बोलणार, आता उपास धरणार, गाडी विकायला लावणार — मी तयारच होतो.

"ह्याच्यावर चालती व्हय ही?"

हो म्हणालो.

"मग कुणाला येतंय त्येला आत बोलव. मला पोचव, सुवा."

मी भडकलो. दोन वर्षं गाद्यांच्या खोळी धुतल्या ते कशाला? लोकांचं हसू सोसलं ते कशाला? आजच सगळं चालतं? चांभारही चालतो?

"आता मला कशाचाच विटाळ न्हाई राहिला," म्हणाली आणि भिंत धरत आत गेली. हे पाच दिवसांपूर्वी म्हणाली असती तर!

कार्तिक शुद्ध १३

सावळाराम फाटकातून आत आला. पेठेतल्या सगळ्या खिडक्या उघड्या. उघडू देत! पोपटलाल ओट्यावर उभा राहून खाकरत होता. त्याला म्हटलं, घसा बसला असेल तर ज्येष्ठमध खा.

सावळारामने क्लच मांडीवर घेतला, गोल फिरवून पाहिला आणि हसला. "ही तर विहिरीच्या मोटंची सोंड! बापजाद्यापास्नं आमी हेच शिवतोय. वर रुंद, खाली निमुळती. कातडं वाकडंच कापावं लागतं." कमानीसारखा तुकडा कापला, भिजवला, लोखंडावर ताणून बसवला. तांब्याचे खिळे ठोकले, डोकी आत बुडवली, म्हणजे लोखंडाला घासणार नाहीत. चामडं मऊ राहावं म्हणून वर थोडं एरंडेल चोळलं. दुपार कलायच्या आत काम झालं! मी अकरा दिवस झक मारत होतो.

सज्जनबाईने त्याला चहा दिला — कपात, ओट्यावर. मी पान्यावरचं तेल पुसत बसलो. कान मात्र तापले.

दिवस मावळायच्या आत सगळं जोडलं. क्लच सोडला. गाडी मांजरासारखी पुढे सरकली.

कार्तिक शुद्ध १४. घोडनदी

निरगुडसरचा चढ एका दमात! राघू बांधावरून ओरडला, "आज वैरण घातली जनू!" मीही हात केला.

निघताना आईशी भांडण झालं. बरोबर काहीच घेईना. दोन दिवस राहायचं म्हटलं तरी एक लुगडं नको? औषधाची पुडी नको? सज्जनबाई तिच्याच बाजूने. आणि उगाचच रडत होती, मी ओरडलो म्हणून असेल.

आई साध्वींच्या स्थानकात गेली. गुलाब पाटावर बसली होती, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी, डोळे तेच. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. गुलाबने मांगलिक पाठ म्हणून ऐकवला. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "प्रवास सुखाचा, साताकारी झाला ना?" झाला म्हणालो. अकरा दिवसांचा सगळा राग त्या एका शब्दात मावला नाही, पण मी तो बाहेर काढलाही नाही.

कार्तिक पौर्णिमा

सकाळी व्याख्यानानंतर आई उठून उभी राहिली, हात जोडले आणि संथारा मागितला. आजपासून अन्न नाही, पाणी नाही, शेवटपर्यंत. घोडनदीच्या संघाला तिने दिवाळीतच पत्र पाठवलं होतं. ते लिहून दिलं सज्जनबाईने. गुलाबला ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही — मी ओरडलो असतो म्हणून.

मोठ्या महासतींनी विचारलं, चिरंजीवांची संमती आहे? आई माझ्याकडे बघत होती.

मी हो म्हणालो.