खारीची पोर आणि आपली महानंदा

अहो,

लग्नाला वीस वर्षं झाली, पण तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. जो दोन-चारदा मोडला तो तुम्हाला कळला नाही, एवढंच. आजचा कळावा म्हणून लिहून ठेवतेय.

महानंदाला घेऊन मी सकाळच्या गाडीनं पुण्याला चाललेय. तिला कॉलेजच्या हॉस्टेलात सोडणार आहे. रविवारी त्या कार्टूनच्या पिक्चरमध्ये खारीची पोर बापाचं झाड सोडून निघाली, तर तुम्ही इंटरवललाच आम्हाला उठवून बाहेर काढलंत आणि घरी येऊन आपल्या पोरीचं कॉलेज बंद केलंत. खारीचा राग माणसावर काढणारे आपल्या गावात तुम्ही एकटेच.

तशा तुमच्या तोंडून पिक्चरची गोष्ट ऐकून शेजारच्या मल्लव्वाही चिडल्यात. "पोरगी चालली आन् बाप शेपूट हलवत बघतोय, ह्येला बाप म्हणायचं व्हय?" पण समोरचे गुरप्पामामा दुकानात बसून डोळे पुसत होते. "आमची पोरगी सासरी गेली तवा मीबी असाच बघत उभा हुतो की!" संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसा, दोघांनाही बरं वाटेल.

भाकऱ्या फडक्यात आहेत, चटणी डब्यात. स्टेशनवर धावत येऊ नका, गाडी गेलेली असेल. मी उद्या येते. महानंदा दिवाळीला येईल.

दाक्षायणी

ता. क. उरलेलं पिक्चर आम्ही दोघींनी काल मॅटिनीला जाऊन पाहिलं. खारीची पोर घर सोडून गेलीच नव्हती. फळं आणायला गेली होती, दिवेलागणीच्या आत परत येते.